सकाळचं पहिलं पाणी

पाणी तपासायचं तर सकाळचं पहिलं, रात्रभर नळात मुक्काम केलेलं, हे थेंबमामांना कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. एकतीस वर्षं ते शहराच्या पाणी-तपासणीच्या खोलीत हेच काम करत होते. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते थेंबमामाच. काचेच्या नळीतून थेंब सोडताना ते श्वाससुद्धा बेताने घेत, आणि नेमकं त्याच वेळी कुणी दार आपटलं तर त्याची धडगत नसे. "झालं! केलात ना सत्यानाश! आता पुन्हा पहिल्यापासून," असं म्हणायचे आणि खरोखरच पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

पहिल्या पाण्यामागे कारण होतं. जुन्या इमारतींतले पाइप शिशाचे. दिवसा पाणी वाहतं असतं, त्याची आणि पाइपाची फारशी गाठ पडत नाही. रात्री मात्र ते तिथंच पडून राहतं आणि शिसं अंगात घेतं. म्हणजे सकाळची पहिली बाटली ही दिवसातली सगळ्यात वाईट. ती पास झाली की बाकी दिवसाची काळजी नको. कामचुकार लोक काय करतात, तर उन्हं वर आली, नळ धो-धो वाहून गेला की बाटली भरतात आणि 'पाणी उत्तम' असा शेरा मारून मोकळे होतात. अशा लोकांचा मामांना मनस्वी तिटकारा. ते स्वतः साडेसहालाच सायकलवरून हजर, पहारेकरी डोळे चोळत फाटक उघडतोय तोवर यांची बाटली भरून झालेली. माणूस नाकासमोर चालणारा, आणि त्या नाकाचा थोडा तोराही बाळगणारा. तसा तोरा त्यांना शोभायचाही, खोटं कशाला बोला?

त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी त्यांच्याच घरात वाढली. बहीण लवकर गेली, मेहुण्यानं दुसरा संसार थाटला, आणि मामींनी काही न बोलता पोरीचं अंथरूण आपल्या खोलीत घातलं. शाळा सुटली की ही भाची मामांच्या तपासणी-खोलीत येऊन बाकावर अभ्यास करत बसे. तिथंच तिला रसायनांचं वेड लागलं. पुढे शिकली, चांगली शिकली, दूरदूरच्या नोकऱ्या चालून आल्या. बाईसाहेबांनी सगळ्यांना नकार कळवला आणि एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत कारखाना घातला. कारखाना म्हणजे काय, तर दोन भट्ट्या, चार पिंपं आणि सहा माणसं.

सूतगिरणीत झाडून टाकतात तो कापसाचा चुरा ती पोत्यांनी उचलून आणायची. सोड्याच्या पाण्यात उकळून, धुऊन पांढराशुभ्र करायची. मग सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून, वाळवून, भट्टीत नेमक्या आचेवर भाजायचा. आच कमी पडली तर काही होत नाही, जास्त झाली तर जळून काळा. बरोबर जमला तर बाहेर येतो तो फिकट पिवळा कापूस. तो पुन्हा धुवायचा, सोड्यात बुडवायचा, आणि जाड प्लॅस्टिकच्या नळकांड्यात ठासून भरायचा.

"कापूस म्हणजे नुसतं सेल्युलोज," ती कुणालाही समजावून सांगायची. "बिचारा पाणी पितो, पण पाण्यातलं शिसं धरायला त्याला हात नसतात. आम्ही त्याला हात फुटवतो. शिसं जाताना दिसलं की पकडलंच!"

मामांना हे वाक्य इतकं आवडलं होतं की ते तपासणी-खोलीत येईल त्याला ऐकवायचे. ऐकणारा दुसऱ्यांदा ऐकत असला तरी.

पहिलं नळकांडं बसलं ते नदीपलीकडच्या वस्तीतल्या शाळेत. त्या बाजूला वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेड होत्या. शेड गेल्या, पण शिसं जमिनीत राहिलं. शाळेच्या विहिरीच्या पाण्यात ते लिटरमागे साठ मायक्रोग्रॅम निघालं. दहापर्यंत चालतं, त्यापुढे नाही. हे कळल्यापासून वस्तीतल्या आया पोरांना घरून बाटली भरून देत होत्या. घरी टँकरचं पाणी यायचं, तेही मोजकंच. तरी स्वतःच्या तोंडचं काढून त्या बाटल्या भरायच्या.

नळकांडं बसल्यावर पालकांची सभा झाली. शिवणकाम करणारी एक बाई, जिची मुलगी तिसरीत होती, उठून सरळ म्हणाली, "मशीनचं आम्हाला काय कळणार? मामा, तुम्ही सांगा. तुमच्या घरातलं पोर असतं तर पाजलं असतंत?"

मामा उठले. नळाखाली पेला धरला, सगळ्यांसमोर गटागटा प्यायले आणि म्हणाले, "उद्यापासून बाटल्या बंद करा. दर आठवड्याला मी स्वतः येऊन तपासीन. माझी जबाबदारी."

बाटल्या बंद झाल्या. आठ महिने मामा दर मंगळवारी साडेसहाला जात राहिले. आकडा कधी एक, कधी दोन; तो लिहून खाली स्वतःची सही ठोकायचे. एकदा तीन आला तर त्यांनी भाचीला फोन करून भंडावून सोडलं. पहिल्याच महिन्यात, मधल्या सुट्टीत नळावर झुंबड उडते म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याच नळकांड्याला आणखी तीन तोट्या काढून घेतल्या, तेव्हा मामांना केवढा आनंद झाला! पोरं आता रांगेत ताटकळणार नाहीत, आणि पाणी तर काय, उत्तमच. शिवणवाल्या बाईंची मुलगी सगळ्यांत पुढे असे. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला शाळेत भिंगरी म्हणत.

इथवर सगळं कसं छान चाललं होतं.

त्या मंगळवारी मामांची दाढ ठणकत होती. रात्रभर गाल धरून बसले होते. सकाळी मामींनी दम भरला की आधी दाताच्या डॉक्टरकडे, मग तुमचं पाणी. दाढ काढून, तोंडात कापसाचा बोळा धरून ते शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी झालेली. चारही तोट्या सोडलेल्या, पोरं ओंजळीनं पितायत, एकमेकांच्या मानेवर उडवतायत. एकतीस वर्षांत दुपारी बाटली भरायची ही पहिलीच वेळ. पण आठवडा चुकवण्यापेक्षा बरं, असं म्हणून त्यांनी पोरांच्या मधून हात घालून बाटली भरली.

"मामा, तोंडात लाडू लपवलाय!" एक जण ओरडला.

मामांनी बोळ्यामागून काहीतरी गुरगुरून दाखवलं आणि पोरं खिदळली. भिंगरी मात्र पायरीवर बसून होती. "पोट दुखतं," ती म्हणाली. "कधीपासून गं?" "दुखतंच." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

दुपारी यंत्रावर आकडा आला चौतीस.

मामांनी आधी स्वतःला शिव्या घातल्या. बाटली नीट धुतली नसणार, दाढेच्या नादात झाकण कुठंतरी टेकवलं असणार. पुन्हा सगळं धुतलं, पुन्हा लावलं. तेहतीस. त्यांनी ठरवलं की बाटलीच खराब, आणि घरी गेले. ते त्यांच्या मनाला पटलं होतं का? अर्धवट. पण एकतीस वर्षांचा माणूस आधी स्वतःच्या दाढेवर संशय घेईल, मग नमुन्यावर, आणि अगदी शेवटी आपल्या पद्धतीवर.

बुधवारी ते दोन नव्या बाटल्या घेऊन गेले. साडेसहाला एक भरली आणि शाळेतच थांबले. मधल्या सुट्टीत, चारही तोट्या चालू असताना, दुसरी भरली. त्यांच्या डोळ्यांदेखत पोरं पाणी पीत होती आणि ते बाटली हातात धरून उभे होते. थांबा म्हणावं असं एकदा ओठांवर आलं. पण अजून काही नक्की नाही, उगाच घाबरवायचं कशाला, म्हणून ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

सकाळची बाटली, दोन. दुपारची, छत्तीस.

मामा स्टुलावर बसून राहिले. मग एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रात्रभर पाणी शिशाच्या पाइपात नव्हतं पडलेलं, ते नळकांड्यात पडून होतं, त्या पिवळ्या कापसात. कापसाला शिसं धरायला सबंध रात्र मिळत होती. सकाळची पहिली बाटली ही दिवसातली सगळ्यांत वाईट नव्हती, सगळ्यांत चांगली होती. दिवसा चार तोट्या सुटल्या की पाणी कापसातून धावत सुटायचं, हातांना ते धरायला उसंतच नाही. आठ महिने मामांनी डोळ्यांत तेल घालून जे पाणी तपासलं, ते पोरांपैकी कुणीच पीत नव्हतं.

सभेत प्यायले होते तो पेलाही रात्रभर मुरलेल्या पाण्याचाच होता. सभा सकाळी आठला होती.

ते तडक छापखान्याच्या जागेत गेले. भाची भट्टीसमोर उकिडवी बसून ट्रे काढत होती. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पाणी मंडळाची माणसं शाळेत येणार होती. त्यांनी होकार दिला तर आणखी चाळीस शाळांत हीच नळकांडी बसणार होती. तिच्या डोळ्यांना झोप नव्हती, पण चेहरा फुलला होता.

"मामा, बरं झालं आलास. दाढ कशीये?"

मामांनी दोन आकड्यांचा कागद तिच्यापुढे धरला आणि सांगायला सुरुवात केली. पोरगी हुशार; अर्धं ऐकल्यावरच तिला उरलेलं कळलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. हातमोजे काढून तिनं भिंतीवरच्या फळ्यावर आकडेमोड केली, पुसली, पुन्हा केली.

"एका तोटीचा हिशोब होता," ती म्हणाली. "मी एकाच तोटीसाठी धरला होता. चार तोट्या झाल्या तेव्हा तू मला सांगितलं होतंस. मी म्हटलं, छान."

"मीही छानच म्हटलं होतं."

मग ती भराभर बोलू लागली. "हे बघ, मी आत्ता जाते, तीन तोट्या बंद करते. उरलेलीचा वेग निम्म्यावर आणते. आठवड्यात दुसरं नळकांडं जोडते. पाणी दहाच्या आत येईल, मी लिहून देते. फक्त उद्याचा दिवस, मामा. उद्या काही बोलू नकोस."

"आणि आठ महिने प्यायले ते?"

"ते आता परत येणारेय का? तू बोललास तर मंडळ उद्याच फाईल बंद करेल. चाळीस शाळा, मामा! त्या पोरांना आज कुणी चौतीससुद्धा देत नाही, साठ-सत्तर पितायत ती. त्यांचं काय? तेही तूच ठरवणार?"

मामांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. ते म्हणाले, "त्या पोरांना अजून कुणी सांगितलेलं नाही की हे पाणी चांगलं आहे. या पोरांच्या हातातल्या बाटल्या मी काढून घेतल्या."

"तुझ्या एका सहीपायी माझं सगळं बुडव तू!" ती ओरडली. भट्टीपाशी काम करणारी माणसं आ वासून बघत राहिली. "सहा वर्षं! सहा वर्षं मी इथं राबतेय!"

"पोरी, माझ्याकडे त्या सहीशिवाय दुसरं आहे काय?" मामा म्हणाले. "पोट दुखतंय त्यातल्या एकीचं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून घरी गेलो. ते दुखणं कशाचं हे डॉक्टरला कळायला हवं, आणि मी बोललो नाही तर ते कुणाच्या ध्यानातसुद्धा येणार नाही."

तिनं तोंड फिरवलं. मामा थोडे थांबले, मग निघाले. आपण पोटच्या पोरीसारखी वाढवलेली मुलगी गमावून चाललो आहोत असंच त्यांना त्या दारातून बाहेर पडताना वाटलं.

शाळेत जाऊन त्यांनी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, चारही तोट्यांचा मुख्य कॉक स्वतःच्या हाताने बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांना बोलवायला सांगितलं. मोठ्या बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "तोट्या मी काढायला लावल्या," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या.

गुरुवारी सभेला वर्ग पुरला नाही. मंडळाची तीन माणसंही तिथंच येऊन बसली. मामा उभे राहिले. त्यांनी पहिल्या पाण्याची गोष्ट सांगितली, पाइपांची, कापसाची, चौतीसची. बुधवारच्या मधल्या सुट्टीत आपण बाटली धरून गप्प उभे होतो, तेही सांगितलं. ते सांगायची कुणी सक्ती केली नव्हती.

खोलीत एकच गलका झाला. एका बापानं बाक उचलून आपटला. शिवणवाली बाई उठली तसे सगळे गप्प झाले.

"बाटलीचं पाणी मी माझ्यातलं काढून देत होते," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर बंद केलं. चार महिने पोट दुखतं म्हणतेय माझी पोर, आणि मी म्हणतेय, शाळेत जायचं नाही म्हणून नाटकं करते. मारलंय मी तिला त्याच्यावरून. मामा, मारलंय हो मी तिला."

मामांना तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "हिशोब माझा होता." भाची केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि मामांच्या शेजारी उभी राहिली. "मामांनी तपासायच्या आधी मी मधल्या सुट्टीत येऊन वेग मोजायला हवा होता. नाही मोजला. सगळ्या मुलांचं रक्त तपासायचं. ते मी करवून घेईन." मंडळाच्या माणसांनी आपापसात कुजबूज केली, कागद आवरले आणि निरोप न घेता निघून गेले. तिनं त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण तिचा हात मामांच्या हाताला लागत होता आणि तो गार पडला होता.

तीन आठवड्यांनी रक्ताचे आकडे आले. एकशे बारा पोरांपैकी सतरा जणांच्या रक्तात शिसं जास्त होतं. जास्त आकड्यांत भिंगरीचा तिसरा. डॉक्टरीणबाईंनी आयांना नीट समजावलं की पाणी बंद झालं, आता रक्तातलं हळूहळू उतरेल, पोटदुखी थांबेल. हाडांत जाऊन बसलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. अभ्यासावर किती परिणाम झाला हे आज कुणालाच सांगता येणार नाही. शिवणवालीने विचारलं, "सगळं पहिल्यासारखं होईल ना?" डॉक्टरीणबाईंनी मामांकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. "सगळं होईलच असं नाही," त्या म्हणाल्या.

मंडळाने चाळीस शाळांचं काम पुढे ढकललं. किती पुढे, ते सांगितलं नाही. भाचीने छापखान्यात चार तोट्यांची एक खोटी शाळाच उभी केली आणि दिवसभर तोट्या सोडून पाणी मोजत बसू लागली. मामा-भाचीचं बोलणं पूर्वीसारखं मोकळं झालं नव्हतं. पण संध्याकाळी ती नमुने घेऊन तपासणी-खोलीत यायची, लहानपणी बसायची त्याच बाकावर बसायची, आणि आकडा येईपर्यंत दोघंही गप्प राहायचे.

शाळेच्या व्हरांड्यात आता टँकरच्या पाण्याचं पिंप ठेवलं होतं. मंडळाच्या शुद्धीकरण केंद्रातून टँकर यायचा, शाळेचा शिपाई पिंप भरायचा. त्या दिवशी मामा मोठ्या बाईंना रक्ततपासणीच्या पुढच्या तारखा द्यायला गेले होते. मधली सुट्टी झाली. पिंपापुढे रांग लागली. शिवणवालीने भिंगरीसाठी औषध आणलं होतं. ती पायरीवर मुलीशेजारी बसली होती. मामांना पाहून तिनं मान फिरवली नाही, बोललीही नाही.

भिंगरीच्या हातात रिकामा पेला होता. तिनं मामांना विचारलं, "मामा, ते पिंपातलं पाणी तुम्ही तपासलंय?"

"ते केंद्रावर तपासतात गं. रोज तपासतात. चांगलं असतं."

"तिथलं?"

"हो, तिथलं."

"पण आम्ही तर इथलं पितो," भिंगरी म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. काहीच नव्हतं, सरळ विचारत होती. मामांनी पिंपाकडे पाहिलं. टँकर कोण धुतं, पिंपाचं झाकण कोण लावतं, शिपायाची बादली कसली आहे, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. इतके दिवस ते इथं येत-जात होते आणि त्यांनीसुद्धा ते चांगलंच धरलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "इथलं नाही तपासलं."

शिवणवालीने मुलीच्या हातातला पेला काढून पायरीवर पालथा ठेवला. मामांनी पिशवीतून एक कोरी बाटली काढली. शिपाई म्हणाला, "या मामा, पुढे या, तुम्हाला कसली रांग?" मामांनी नको म्हणून मान हलवली, रांग थांबवली नाही आणि मोडलीही नाही; पोरं पितात तसंच, त्यांच्या मधलंच पाणी त्यांना हवं होतं. ते सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे अकरा पोरं होती.